शेततळ्यातले मासे आणि धातूचे बारीक कण
(नभोवाणीवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शेततळे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पावसाळ्यात तळे भरून घ्यायचे आणि उन्हाळ्यात ठिबकावर डाळिंब, द्राक्ष, ऊस जगवायचा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पाणी साठलेच आहे तर त्यात कटला, रोहू, मृगळ किंवा पंगस सोडावा, असा विचारही बऱ्याच घरांनी केला. विचार चांगलाच आहे. तेच पाणी पिकाला लागते आणि त्याच पाण्यातून चार पैशांची जोड मिळते.

पण तळ्याच्या बांधाला लागूनच आपली बाग असते. बागेवर औषध मारायचे, टाकी धुवायची, ठिबकातून खत सोडायचे, हे सगळे तळ्याच्या काठी चालते. या औषधांत आणि खतांत तांबे असते, जस्त असते. हल्ली तर 'नॅनो' या नावाने धातूचे अतिशय बारीक कण असलेला मालही दुकानात येऊ लागला आहे. पिकाला हे धातू थोड्या प्रमाणात हवेच असतात. माशाला मात्र तेच धातू पाण्यातून मिळाले तर काय होते, ते आज आपण पाहू.

नॅनो म्हणजे किती बारीक?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. ज्या कणाची जाडी १ ते १०० नॅनोमीटर भरते त्याला नॅनो कण म्हणतात. माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पीठ चाळायच्या चाळणीने किंवा ठिबकच्या फिल्टरने अडतही नाहीत.

बारीक केल्याने काय फरक पडतो? एक साधा हिशोब करू. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा तांब्याचा फासा घ्या. त्याच्या सहा बाजूंचा पृष्ठभाग मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरतो. आता तोच फासा कापून १० नॅनोमीटरचे बारीक फासे केले, तर त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. तांबे तेवढेच, वजन तेवढेच, पण पाण्याला भिडणारे अंग सहा गुंठ्यांचे झाले. धातूचा परिणाम पृष्ठभागावरून होतो, म्हणून बारीक कण थोड्या वजनात जास्त काम करतात. पानावर मारले तर हा गुण ठरतो. तळ्यात पडले तर हाच गुण घातक होतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. २०२१ मध्ये आलेला नॅनो युरिया आणि २०२३ मध्ये आलेला नॅनो डीएपी यांतून आपण पिकाला नत्र आणि स्फुरद देतो. तांबे किंवा जस्त देण्यासाठी ती खते नाहीत. मात्र २०२४ मध्ये नॅनो जस्त आणि नॅनो तांबे या द्रव खतांनाही केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता दिली. चांदीचे कण असलेली जंतुनाशकेही बाजारात मिळतात. तेव्हा बाटलीवर नुसते 'नॅनो' वाचून थांबू नका. आत कोणता पदार्थ आहे, ते वाचा.

माशाच्या अंगात धातू काय करतो?

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ल्याचे झाकण उचलून पाहिले तर आत लालभडक, कंगव्याच्या दातांसारखी पाती दिसतात. त्यांची त्वचा फार पातळ असते आणि त्यांवरून रात्रंदिवस पाणी वाहत असते. पाण्यातला प्राणवायू रक्तात घेण्यासाठी ही रचना आहे. पण पाण्यात जे काही असेल तेही आधी तिथेच भिडते.

कल्ले दुसरेही एक काम करतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात मीठ जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी असते. त्यामुळे अंगातले मीठ सारखे बाहेर झिरपत असते. ते भरून काढायला कल्ल्यांत अगदी सूक्ष्म पंप असतात. ते पाण्यातले मीठ ओढून रक्तात घेतात. तांबे आणि चांदी हे पंप जाम करतात. मीठ बाहेर जात राहते, आत येत नाही. रक्त घट्ट होते, हृदयावर ताण येतो आणि मासा मरतो. जस्ताची रीत थोडी वेगळी. ते कल्ल्यांतून चुना, म्हणजे कॅल्शियम, आत जाऊ देत नाही.

बारीक कणांची आणखी दोन कामे आहेत. एक म्हणजे ते कल्ल्यांना चिकटतात. मासा ते धुऊन काढण्यासाठी चिकट स्राव सोडतो, पाती सुजतात, जाड होतात, आणि प्राणवायू आत जायची वाट अरुंद होते. दुसरे म्हणजे हे कण हळूहळू विरघळत राहतात. आज पडलेला कण उद्याही थोडा थोडा धातू सोडतो. हा धातू यकृतात जाऊन साठतो आणि तिथल्या पेशींना आतून लोखंडावर गंज चढावा तशी इजा करतो. असा मासा लगेच मरेल असे नाही. पण खाद्य खाऊनही तो वाढत नाही, रोगाला लवकर बळी पडतो, आणि आपल्याला वाटते की बियाणेच खराब निघाले.

प्रयोगांत काय दिसले?

२००७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी झेब्रा माशावर तांब्याच्या नॅनो कणांचा प्रयोग प्रसिद्ध केला. झेब्रा मासा हा आपल्या देशातल्या ओढ्या-नाल्यांतलाच लहान मासा आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम कण असलेल्या पाण्यात ४८ तासांत निम्मे मासे मेले. सगळ्यात जास्त इजा कल्ल्यांना झाली होती. कणांतून जेवढे तांबे विरघळले होते, तेवढ्यानेच ही सगळी इजा झाली असे म्हणता येईना. म्हणजे काही वाटा खुद्द कणांचाही होता.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, त्यांनी निरनिराळ्या धातूंची तुलना केली. पाण्यातल्या जलपिसूवर तांब्याचे कण लिटरला ६० मायक्रोग्रॅम आणि चांदीचे कण ४० मायक्रोग्रॅम एवढ्यानेच घातक ठरले. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. रंगात आणि प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांनी मात्र त्या चाचण्यांत विषबाधा झाली नाही. म्हणजे सगळे नॅनो कण सारखे नसतात, धातू कोणता हे महत्त्वाचे.

जलपिसूशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे. कटल्याचे आणि सगळ्या लहान माशांचे ते फुकटचे खाद्य आहे. मासे मरण्याच्या कितीतरी आधी त्यांचे ताट रिकामे होते. मासे धडधाकट दिसतात, पण वाढ खुंटते आणि पेंड-कोंड्याचा खर्च वाढतो.

सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये झेब्रा माशाच्या अंड्यांवर चांदीच्या कणांचे प्रयोग प्रसिद्ध केले. कण अंड्यातल्या गर्भापर्यंत पोचले. हृदयाचे ठोके मंदावले, हृदयाभोवती पाणी साचले, पिलांच्या पाठीला बाक आला. अंडी, जिरे आणि बोटुकली या वयात मासा सर्वात नाजूक असतो, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आपल्या माळेगावात झालेले काम

या विषयावर आपल्या दाराशीही काम झाले आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार अशा संकटांत शेती आणि जनावरे कशी टिकतील, याचा ती अभ्यास करते. तिथल्या शास्त्रज्ञांनी पंगस माशावर सेलेनियमच्या नॅनो कणांचे प्रयोग केले. सेलेनियम हा पुरता धातू नव्हे, धातूच्या जवळचा पदार्थ आहे.

या प्रयोगांतून दोन गोष्टी पुढे आल्या. खाद्याच्या एका किलोत एक-दोन मिलिग्रॅम एवढेच कण मिसळले, तेव्हा शिसे असलेल्या आणि ३४ अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्यातही मासे जास्त चांगले तगले. पण तेच कण पाण्यात सोडून विषारी मात्रा तपासली, तेव्हा साध्या सेलेनियमपेक्षा नॅनो सेलेनियम कमी मात्रेतच घातक ठरले. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

पदार्थ एकच, मासाही एकच. खाद्यातून मोजून दिला तर टॉनिक, पाण्यातून जास्त गेला तर विष. आपल्याकडे म्हण आहे, अति तेथे माती. मात्र हे वाचून कोणी बाजारातली नॅनो पावडर आणून घरच्या घरी खाद्यात कालवू नये. एका किलोत एक मिलिग्रॅम म्हणजे फारच थोडे. ते मोजायचा काटा आणि सारखे मिसळायची सोय प्रयोगशाळेत असते, आपल्या ओसरीवर नसते.

मोरचुदाचा हिशोब

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ. नॅनो हे नाव नवे असले तरी तांब्याची आपली ओळख जुनी आहे, ती मोरचुदाची. तळ्यात हिरवे शेवाळ माजले, ठिबकच्या नळ्या तुंबू लागल्या, की फडक्यात मोरचूद बांधून तळ्यात सोडायचा, ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. वजनास वजन धरले तर विरघळलेले तांबे बहुधा तांब्याच्या कणांपेक्षाही जहाल ठरते. तेव्हा नॅनोला भ्यायचे आणि मोरचूद मुठीने टाकायचा, हे बरोबर नव्हे.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे उतरत्या काठाचे शेततळे पूर्ण भरले तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी बसते. एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. एक किलो मोरचूद भरल्या तळ्यात टाकला, तर लिटरला सुमारे ०.११ मिलिग्रॅम तांबे होते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी एक चतुर्थांश उरले, म्हणजे साडेपाच लाख लिटर. हाताला सवय एक किलोची. तेव्हा तेच तांबे चौपट, म्हणजे लिटरला सुमारे ०.४५ मिलिग्रॅम होते. शिवाय उन्हाळ्यात पाणी तापलेले असते, त्यात प्राणवायू आधीच कमी असतो, आणि मासे मोठे झाल्याने दाटी असते. अशा वेळी वर्षभराची मेहनत एका दिवसात पाण्यावर तरंगताना दिसते.

पाण्याचा गुणही पाहावा लागतो. जड पाण्यात, म्हणजे चुना जास्त असलेल्या पाण्यात, तांब्याचा जोर कमी होतो. नरम पाण्यात तो वाढतो. मत्स्यशेतीत एक जुना नियम वापरतात. पाण्याची अल्कता लिटरला जितके मिलिग्रॅम असेल, त्या आकड्याला शंभराने भागायचे. जे उत्तर येईल, त्यापेक्षा जास्त मिलिग्रॅम मोरचूद लिटरला जाऊ द्यायचा नाही. अल्कता ५० च्या खाली असेल तर मोरचूद मुळीच वापरायचा नाही. अल्कता १०० असेल तर भरल्या तळ्याची हद्द सव्वादोन किलोच्याही आत येते, आणि उन्हाळ्यातल्या चतुर्थांश पाण्याची साडेपाचशे ग्रॅम. आपल्या भागातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुतेक जड असते. पण पावसाच्या पाण्याने भरलेले तळे तसे नसते. शेजाऱ्याच्या बोअरच्या पाण्यात चाललेली मात्रा तुमच्या पावसाच्या पाण्यात मासे मारू शकते.

तिसरी गोष्ट प्लास्टिकच्या कागदाची. मातीच्या तळ्यात तळाचा गाळ बरेचसे तांबे धरून ठेवतो. कागद टाकलेल्या तळ्यात, निदान पहिली काही वर्षे, गाळ नसतोच. मग तांबे पाण्यातच राहते.

आणि मोरचुदाने शेवाळ मेले, तरी संकट संपत नाही. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. तांब्याने वाचलेले मासे मग गुदमरून मरतात. म्हणून माझा सरळ सल्ला असा की, मासे असलेल्या तळ्यात अंदाजाने मोरचूद टाकूच नये. शेवाळ जाळीने ओढून काढा. शेणखत आणि जास्तीचे खाद्य कमी करा, कारण शेवाळाचे खत तेच आहे. मासे सोडताना त्यांत थोडे चंदेरा मासे ठेवा, ते पाणी हिरवे करणारे सूक्ष्म शेवाळ खातात.

धातू तळ्यात येतो कुठून?

जाणूनबुजून कोणी तळ्यात औषध ओतत नाही. ते नकळत येते, आणि त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट टाकी धुण्याची. एक टक्का बोर्डो मिश्रणात शंभर लिटरला एक किलो मोरचूद असतो. ट्रॅक्टरच्या ब्लोअरची सहाशे लिटरची टाकी म्हणजे सहा किलो मोरचूद, त्यात दीड किलो तांबे. टाकीच्या तळाशी दहा लिटर मिश्रण उरले आणि ते तळ्याकाठी धुतले, तर त्यात पंचवीस ग्रॅम तांबे असते. मोठ्या तळ्यात ते लक्षातही येणार नाही. पण बोटुकली वाढवायच्या पन्नास हजार लिटरच्या लहान टाकीत ते गेले तर लिटरला अर्धा मिलिग्रॅम होते.

दुसरी वाट पाणी भरण्याची. फवारणीची टाकी तळ्यातूनच पंपाने भरतात. नळीचे तोंड औषधाच्या पाण्यात बुडालेले असते. मध्येच वीज गेली की नळी उलटी वाहू लागते आणि टाकीतले औषध तळ्यात परत जाते. ठिबकच्या खताच्या टाकीचेही असेच. त्यात जस्ताचे खत विरघळवलेले असेल आणि उलटा झडपा नसेल, तर पंप बंद पडताच ते पाणी मागे येते.

तिसरी वाट वाऱ्याची. ब्लोअरचा तुषार वाऱ्याबरोबर तळ्यावर जातो. चौथी वाट पावसाची. फवारणी झाल्यावर वळीव आला की पानांवरचे औषध धुऊन उताराने तळ्यात उतरते. आणि पाचवी वाट भांड्यांची. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपण हौसेने पितो. पण बोटुकली तांब्याच्या भांड्यात किंवा नव्या जस्ताच्या पत्र्याच्या टाकीत कधी ठेवू नका. तेवढ्या थोड्या पाण्यात भांड्याचा धातू उतरतो आणि तो त्यांना सोसत नाही.

उजनीच्या काठावरच्या मंडळींसाठी

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेव, भिगवण, कळाशी या बाजूच्या गावांना उजनीच्या फुगवट्याचे पाणी लागून आहे. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणावर शेतकऱ्यांबरोबर मासेमारी करणारी कितीतरी घरेही जगतात. भीमेतून येणाऱ्या या पाण्यात मुळा-मुठेचे, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणीही मिसळते. शहरात कपड्यांत, रंगांत, प्रसाधनांत चांदी, जस्त, टायटॅनियम यांचे बारीक कण वापरतात. धुण्याच्या पाण्यातून त्यांतले काही सांडपाण्यात जातात.

याचा बाऊ करू नये. सांडपाण्यात चांदीच्या कणांचा गंधकाशी संयोग होतो, त्यांचे विष बरेच मंदावते आणि ते बहुतांशी गाळात बसतात. जड पाण्यात बाकीचे कणही एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि खाली बसतात. पण गाळात बसले म्हणजे नाहीसे झाले, असे नाही. मृगळ आणि सायप्रिनस हे मासे तळाशीच चरतात. म्हणून फुगवट्यातून उपसा करून तळे भरणाऱ्यांनी पाणी आधी लहान खड्ड्यात निवळू द्यावे, आणि वरचे निवळ पाणी तळ्यात घ्यावे.

आणि आपणही आपल्या परीने जपावे. फवारणीची टाकी फुगवट्याच्या काठी नेऊन धुणे आणि रिकाम्या बाटल्या पाण्यात भिरकावणे बंद करावे. वरून येते ते आपल्या हाती नाही, पण खालच्या गावाला आपण काय पाठवतो ते आपल्या हाती आहे. थेंबे थेंबे तळे साचे, तसेच विषही साचते.

मासे मरू लागले तर

तळ्यावर रोज सकाळी खाद्य टाकणारे माणूस, आणि बहुतेक घरांत ती घरची बाईच असते, ते सगळ्यात आधी बदल ओळखते. त्यांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

प्राणवायू कमी पडला असेल तर मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात आणि ऊन चढल्यावर पुन्हा सावरतात. बहुधा मोठे मासे आधी मरतात. धातूची किंवा औषधाची बाधा असेल तर ती दिवसाच्या कोणत्याही वेळी दिसते, आणि बहुधा फवारणी, टाकी धुणे किंवा मोरचूद यांच्यामागून लगेच. लहान मासे आधी मरतात. मासे सुस्त होतात, तोल जाऊन कुशीवर पोहतात. कल्ल्यांवर जास्त चिकटा येतो. पाण्यातले बारीक किडेही मेलेले दिसतात.

असे दिसताच खाद्य बंद करा. तळ्यात हवा मारणारे यंत्र असेल तर ते चालू करा, नसेल तर पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून तळ्यात पाडा. विहिरीचे स्वच्छ पाणी मिळत असेल तर ते सोडा. दुसरे कोणतेही औषध त्यावर उतारा म्हणून टाकू नका. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत त्याच दिवशी पाण्याचा नमुना घ्या, दोन-तीन नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवा, आणि गेल्या आठ दिवसांत काय काय फवारले ते कागदावर लिहा. हे घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नमुना नसेल तर पुढे कारण सांगणे कोणालाही कठीण जाते.

मेलेले मासे विकू नका आणि खाऊही नका. ते दूर खड्ड्यात पुरा. धातू शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. एरवीही मासा साफ करताना कल्ले आणि आतडी-यकृत काढून टाकावे, कारण तांबे आणि जस्त मांसापेक्षा तिथे जास्त साठते.

मग फवारणी करायचीच नाही का?

असे कोणी म्हणत नाही. डाळिंबाला आणि द्राक्षाला तांबे लागणारच, आणि जमिनीत जस्त कमी असेल तर तेही द्यावेच लागेल. बाग आणि तळे दोन्ही आपलीच आहेत. त्यांच्यात एक शिस्तीचा बांध हवा, एवढेच. म्हणून शेवटी पुन्हा थोडक्यात सांगतो.

१. औषध कालवण्याची आणि टाकी धुण्याची जागा तळ्यापासून निदान शंभर फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा.

२. टाकी तीन वेळा थोड्या थोड्या पाण्याने विसळा आणि ते पाणी पिकावरच फवारा.

३. टाकी भरताना नळीचे तोंड पाण्याच्या वर ठेवा. ठिबकच्या खताच्या टाकीला उलटा झडपा बसवा.

४. वारा असताना ब्लोअर चालवू नका. तळ्यालगतच्या ओळी हातपंपाने, तळ्याकडे पाठ करून फवारा.

५. तळ्याच्या वरच्या बाजूला वीतभर उंचीचा बांध घाला, म्हणजे बागेतले पाणी थेट तळ्यात येणार नाही.

६. मासे असलेल्या तळ्यात मोरचूद किंवा धातूचे कण असलेले जंतुनाशक अंदाजाने टाकू नका.

७. मासे सोडण्यापूर्वी पाण्याचा सामू, अल्कता आणि जडपणा तपासून घ्या.

८. बाटलीवरचे नाव आणि मात्रा वाचा. 'नॅनो' या शब्दाला भिऊ नका आणि भुलूही नका.

यांतली बरीचशी कामे बिनखर्चाची आहेत. झडपेला आणि पाण्याच्या तपासणीला थोडे पैसे पडतील, पण एका हंगामाच्या माशांपुढे ते काहीच नाहीत. औषधाचे जे पाणी पिकासाठी आहे ते पिकालाच मिळावे आणि माशांचे पाणी माशांना राहावे, एवढी काळजी आपण घेतली तर बाग आणि तळे दोन्ही आपल्याला सांभाळतील.